उभ्या पियानोच्या खर्जाचा ध्यास : थिओडोर स्टाइनवे

पियानो या वाद्याची थोडीफार ओळख असलेल्या कोणालाही स्टाइनवे हे नाव परके नाही. मोठ्या सभागृहाच्या रंगमंचावरील काळाभोर ग्रँड पियानो आणि त्यावर सोनेरी अक्षरांत उमटलेले ते नाव, ही जोडी जगभर रूढ झाली आहे. या नावामागे एक संपूर्ण कुटुंब होते. वडिलांनी पेढी स्थापन केली, विल्यम या मुलाने तिचा व्यापार वाढवला. परंतु वाद्याच्या अंतरंगाचा, म्हणजे तारा, लोखंड आणि लाकूड यांच्या परस्परसंबंधाचा सर्वांत खोल विचार केला तो थोरल्या मुलाने. त्याचे नाव ख्रिश्चन फ्रीडरिश थिओडोर. रंगमंचावरील ग्रँड पियानोइतकेच त्याचे लक्ष सामान्य घराच्या भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या लहान पियानोकडे होते. छातीएवढ्या उंचीच्या त्या पेटीतून खर्ज खरा कसा निघावा आणि एकदा लावलेला सूर टिकावा कसा, या दोन प्रश्नांनी त्याच्या आयुष्याचा मोठा भाग व्यापला.

थिओडोरचा जन्म ६ नोव्हेंबर १८२५ रोजी जर्मनीतील हार्ट्झ पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या झेझेन या गावी झाला. वडील हाइनरिश एंगेलहार्ट श्टाइनवेग हे मूळचे सुतार. लाकडी सामान घडवता घडवता ते ऑर्गनच्या कामाकडे आणि तेथून पियानोकडे वळले. १८३६ मध्ये त्यांनी आपला पहिला ग्रँड पियानो राहत्या घराच्या स्वयंपाकघरात बांधला, अशी या कुटुंबात चालत आलेली कथा आहे. १८३९ मध्ये ब्रॉनश्वाइग येथील प्रदर्शनात त्यांच्या वाद्यांना पदक मिळाले. ती वाद्ये लोकांसमोर वाजवून दाखवण्याचे काम तेरा वर्षांच्या थिओडोरकडे होते, असेही सांगतात.

मुलाचा हात वाजवण्यात होता, तसा तो रंधा आणि करवतीवरही होता. शिवाय तिसरी एक गोष्ट त्याला लाभली. झेझेनमधील याकोब्सन विद्यालय त्या काळी नामांकित होते. तेथे शिकताना त्याला ध्वनिशास्त्राची गोडी लागली. वाद्य बांधणारे बहुतेक कारागीर वाडवडिलांच्या मापांवर आणि स्वतःच्या कानावर विसंबत. तार अमुक लांबीचीच का, हातोडी तिच्यावर अमुक ठिकाणीच का पडावी, असे प्रश्न विचारण्याची सवय थिओडोरला शाळेत लागली आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही.

१८४८च्या राजकीय उलथापालथीनंतर जर्मनीत धंद्याला बरकत उरली नव्हती. १८४९ मध्ये भाऊ कार्ल अमेरिकेत गेला आणि पुढच्या वर्षी आईवडील व इतर भावंडेही न्यूयॉर्कला निघाली. थोरला थिओडोर मात्र गावातील कारखाना सांभाळण्यासाठी मागे राहिला. न्यूयॉर्कमध्ये ५ मार्च १८५३ रोजी ‘स्टाइनवे अँड सन्स’ ही पेढी उभी राहिली. श्टाइनवेगचे स्टाइनवे झाले ते याच नव्या देशात. इकडे थिओडोरने आपला व्यवसाय आधी वोल्फनबुटेल येथे आणि नंतर ब्रॉनश्वाइग येथे हलवला. फ्रीडरिश ग्रोट्रियान हे त्याचे भागीदार झाले. अशा रीतीने एकाच घराण्याचे पियानो समुद्राच्या दोन्ही काठांवर तयार होऊ लागले.

या दोन कारखान्यांमध्ये पत्रांचा पूल होता. न्यूयॉर्कमधील भाऊ हेन्री नव्या कल्पना कळवी आणि थिओडोर त्यांवर आपले मत देई. त्या पत्रव्यवहाराचे महत्त्व समजण्यासाठी पियानोची मूळ अडचण ध्यानात घ्यावी लागते. तारेचा ताण आणि जाडी तीच ठेवली, तर स्वर एक सप्तक खाली आणण्यासाठी तारेची लांबी दुप्पट करावी लागते. पियानोतील सर्वांत वरच्या स्वराची तार साधारण ५ सेंटिमीटर असते. तेथून सात सप्तके खाली येताना लांबी दर वेळी दुप्पट केली, तर खर्जाची तार ६ मीटरांहून लांब होईल. एवढे वाद्य घरात मावणार नाही. रंगमंचावरील सर्वांत मोठ्या ग्रँड पियानोतही ही तार सुमारे २ मीटरच असते, आणि उभ्या पियानोत तर १ मीटरच्या आसपास.

लांबीची ही तूट वजनाने भरून काढतात. खर्जाच्या पोलादी तारेवर तांब्याची तार घट्ट गुंडाळतात. तार जड झाली की तिची आंदोलने मंदावतात आणि स्वर खाली येतो. ही युक्ती जुनी आहे. पण ती फुकट मिळत नाही. आदर्श तार पूर्ण लवचीक असते. तिच्यातून मूळ स्वराबरोबर निघणारे उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा नेमक्या पटींत येतात. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो याच नियमाने. आखूड आणि जाड तारेला मात्र सळईचा थोडा ताठरपणा येतो. त्यामुळे तिचे उपस्वर पटीहून किंचित वर सरकतात, आणि जितका उपस्वर वरचा तितकी चूक अधिक. तार आखूड होत गेली की हा दोष झपाट्याने वाढतो. लहान पियानोचा खर्ज गुरगुरल्यासारखा, धूसर किंवा पत्र्यासारखा वाटतो, त्याचे हे एक मोठे कारण होय. वाजवणाऱ्याने कितीही नाजूक हात ठेवला, तरी तारेचा ताठरपणा जात नाही.

दुसरे कारण ध्वनिफलकात असते. सतारीत तबलीचे जे काम, तेच पियानोत या पातळ लाकडी फळीचे. तारांची कंपने घोडीवाटे तिच्यावर उतरतात आणि तीच हवेला हलवते. पियानोचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला अवघ्या २७.५ आंदोलनांचा आहे. इतकी संथ हालचाल हवेपर्यंत पोहोचवायला ध्वनिफलक फार मोठा हवा. उभ्या पियानोतील फलक तेवढा मोठा नसल्याने मूळ स्वर जवळजवळ बाहेर पडतच नाही. आपल्याला खर्ज ऐकू येतो, तो उपस्वरांच्या मधल्या अंतरावरून कानाने बांधलेला असतो. म्हणूनच उपस्वर जागेवरून ढळले की कानालाही खर्ज नीट बांधता येत नाही.

उभ्या पियानोची कल्पना थिओडोरच्या जन्माआधीची. १८०० मध्ये फिलाडेल्फियात जॉन आयझॅक हॉकिन्स आणि व्हिएन्नात मथियास म्युलर यांनी तारा थेट जमिनीपर्यंत उतरवून वाद्याची उंची कमी केली. लंडनच्या रॉबर्ट वॉर्नमने १८११ मध्ये तारा तिरप्या बसवल्या. १८२८ मध्ये पॅरिसच्या हेन्री पापने खर्जाच्या तारा इतर तारांवरून आडव्या छेदत नेल्या. तिरपेपणाचा हिशेब सोपा आहे. ११० सेंटिमीटर उंचीच्या जागेत सरळ उभी तार ११० सेंटिमीटरचीच राहील, पण ती ३० अंशांनी कलती केली तर १२७ सेंटिमीटरची बसते. याहून मोठा लाभ घोडीचा. सरळ तारांच्या रचनेत खर्जाची घोडी फलकाच्या कडेला पडते. कड चौकटीला चिकटवलेली असल्याने तेथे लाकूड हलू शकत नाही. तारा छेदत नेल्या की ती घोडी फलकाच्या मध्याकडे सरकते, आणि तेथे लाकूड मोकळेपणाने हलते.

पापची युक्ती बरोबर होती, परंतु लाकडी चौकटीला तिचा पूर्ण फायदा पेलवत नव्हता. जाड तारा जोरात ताणल्या, तर चौकट वाकते आणि सूर उतरतो. अमेरिकेत १८२५ मध्ये बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले होते. लोखंड आणि छेदत्या तारा यांचा मेळ स्टाइनवे बंधूंनी घातला. १८५५ मध्ये त्यांच्या या रचनेच्या चौकोनी पियानोला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. २० डिसेंबर १८५९ रोजी हेन्रीने याच तत्त्वावरील ग्रँड पियानोचे पेटंट घेतले. आजचा जवळजवळ प्रत्येक पियानो, उभा असो वा आडवा, या मेळावर उभा आहे.

मार्च १८६५ मध्ये या घरावर आघात झाला. ११ तारखेला हेन्री न्यूयॉर्कमध्ये क्षयाने गेला. थिओडोरकडे ब्रॉनश्वाइगला आलेला चार्ल्स, म्हणजे पूर्वीचा कार्ल, ३१ तारखेला विषमज्वराने गेला. तीन आठवड्यांत दोन भाऊ नाहीसे झाले. पेढीकडे व्यापार पाहणारा विल्यम उरला, पण वाद्य घडवणारा मेंदू उरला नाही. वडील थकले होते. चाळिशीला टेकलेल्या थिओडोरने जर्मनीत दहा-पंधरा वर्षे खपून उभा केलेला स्वतःचा व्यवसाय विकला आणि तो न्यूयॉर्कला गेला. विकत घेणाऱ्यांमध्ये जुन्या भागीदाराचा मुलगा विल्हेल्म ग्रोट्रियान होता. पुढे ग्रोट्रियान हेही पियानोतील मोठे नाव झाले.

न्यूयॉर्क थिओडोरला कधीच मानवले नाही. तेथील धावपळ, जाहिरातींचा गोंगाट, प्रतिस्पर्ध्यांशी चाललेली पदकांची लढाई हा विल्यमचा प्रांत होता. थिओडोर प्रयोगांत रमे. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात स्टाइनवेंच्या वाद्यांना सुवर्णपदक मिळाले आणि युरोपातील अनेक कारखानदारांनी अमेरिकी पद्धत उचलली. त्यानंतरच्या वर्षांत त्याच्या नावावर चाळीसहून अधिक पेटंटे जमा झाली. १८७२ मधील ‘ड्युप्लेक्स स्केल’ त्यांतील प्रसिद्ध आहे. घोडीपलीकडे उरणारा तारेचा निष्क्रिय तुकडाही सुरात राहील इतक्या मापाचा ठेवून वरच्या स्वरांना झळाळी देण्याची ती रचना होती. सतारीच्या तरफांची आठवण व्हावी, असाच तो विचार आहे. ग्रँड पियानोची वळणदार कड लाकडाच्या अनेक पातळ पट्ट्या एकत्र वाकवून घडवण्याची पद्धत त्याने १८८० मध्ये पक्की केली.

हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या थोर शास्त्रज्ञाचा नादविषयक ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तारेवर हातोडी कोठे पडते यावर कोणते उपस्वर उमटतील आणि कोणते दबतील हे ठरते, आणि दोन स्वर किंचित विसंगत असले की विस्पंद, म्हणजे आवाजाची डोलती लहर, का निर्माण होते, याचे विवेचन त्यात आहे. थिओडोरने हे शास्त्र कारखान्यात आणले. हेल्महोल्ट्झशी त्याचा संपर्क होता आणि स्टाइनवेचा पियानो त्या शास्त्रज्ञाकडे होता. त्या काळातील वाद्यनिर्मितीत असा संवाद विरळाच.

उभ्या पियानोसाठी थिओडोरने केलेले काम या सर्व पार्श्वभूमीवर पाहावे लागते. तेव्हाच्या अमेरिकेत घरोघरी चौकोनी पियानो असत. मेजासारखे आडवे, लांबट आणि जागा अडवणारे हे वाद्य लोकांना प्रिय होते आणि पेढीचे मोठे उत्पन्नही त्यातूनच येई. उभा पियानो तेथे बदनाम होता. त्याचा सूर लवकर उतरतो, खर्ज पोकळ वाटतो, आतील यंत्रणा दमट हवेत अडकते, अशा तक्रारी होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. थिओडोरचे मत असे होते की हे दोष वाद्य उभे असल्यामुळे आलेले नाहीत, ते कमकुवत बांधणीमुळे आले आहेत, आणि भविष्यात शहरी घरांत उभा पियानोच टिकेल.

त्याने एकेका दोषाला हात घातला. १८६६ मध्येच उभ्या पियानोच्या लोखंडी चौकटीविषयी आणि ध्वनिफलकाला कडेने दाब देण्याविषयी पेटंट घेतले गेले. हातोड्यांची यंत्रणा पेलणाऱ्या लाकडी पट्ट्या हवेने वाकू नयेत म्हणून त्या धातूच्या नळ्यांत बसवण्याची पद्धत त्यानंतर लवकरच आली. क्वीन्समधील अॅस्टोरियाच्या नव्या वसाहतीत पेढीची स्वतःची ओतशाळा सुरू झाल्यावर चौकटीचे लोखंड अधिक ताण सोसेल असे ओतता येऊ लागले. ताणाला येथे एवढे महत्त्व का? तार जितकी जास्त ताणलेली, तितका तिच्या ताठरपणाचा प्रभाव कमी आणि हवामानाने सूर ढळण्याचा धोकाही कमी. आधुनिक पियानोतील सर्व तारांचा मिळून ताण १८ ते २० टनांच्या घरात असतो. हे ओझे चौकट निमूट पेलते, म्हणूनच सूर टिकतो.

तरीही काही गोष्टी लोखंडाने सुटणाऱ्या नव्हत्या, आणि त्यांचा अनुभव सूर लावणाऱ्याला पियानोच्या मध्याच्या जरा खाली येतो. तेथे साध्या पोलादी तारा संपतात आणि तांबे गुंडाळलेल्या तारा सुरू होतात. घोडीही बदलते. उभ्या पियानोत उंची कमी पडत असल्याने या सीमेवरील शेवटच्या साध्या तारा हव्या तेवढ्या लांब ठेवता येत नाहीत. स्वर खाली आणण्यासाठी त्यांचा ताण कमी ठेवावा लागतो. हवा बदलली की प्रथम बिघडतात त्या याच तारा. सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा आवाज एकसारखा यावा, यासाठी प्रत्येक तारेची लांबी, जाडी आणि वेष्टनाचे वजन यांचा हिशेब बसवणे हीच रचनाकाराची खरी परीक्षा.

खर्जाचे सप्तक लावताना आणखी एक पेच येतो. सूर लावणारा दोन स्वरांचे मूळ नाद जुळवत नाही, कारण खाली ते जवळजवळ ऐकूच येत नाहीत. तो खालच्या स्वराचा एखादा उपस्वर वरच्या स्वराच्या उपस्वराशी मिळवतो आणि विस्पंद थांबेपर्यंत खुंटी फिरवतो. ताठरपणामुळे उपस्वर वर सरकलेले असल्याने मूळ स्वर गणिताहून थोडा खाली न्यावा लागतो. याच कारणाने वरच्या टोकाचे स्वर थोडे चढे ठेवावे लागतात. दोन्ही टोकांना हा ताणलेपणा अर्धस्वराच्या पाव ते एकतृतीयांश भागापर्यंत जाऊ शकतो. पियानो जितका लहान, तितकी ही ओढ जास्त आणि तितकी अनियमित. त्यामुळे उत्तम लावलेला ग्रँड पियानो आणि उत्तम लावलेला लहान उभा पियानो एकत्र वाजवले, तर खर्जात ते एकमेकांशी पूर्ण मिळत नाहीत. चूक सूर लावणाऱ्याची नसते. तारांच्या लांबीतच ती ठरलेली असते.

ताठर तारेचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८७७ मध्ये आपल्या ग्रंथात मांडले. पियानोवर प्रत्यक्ष मोजमाप करून रेल्सबॅक यांनी हा ताणलेपणा दाखवला तो १९३८ मध्ये. १९६२ मध्ये हार्वी फ्लेचर आणि सहकाऱ्यांना असे आढळले की उपस्वर अगदी नेमक्या पटींत ठेवून कृत्रिम रीतीने तयार केलेला पियानोचा स्वर लोकांना कोरडा वाटतो. म्हणजे थोडी च्युती हवीच असते, तिच्यातून वाद्याची ऊब येते. ती प्रमाणात ठेवणे हे रचनाकाराचे कौशल्य. थिओडोरपाशी ही मोजमापे नव्हती. शास्त्र, कान आणि शेकडो वाद्यांचा अनुभव यांच्या बळावर त्याने ते प्रमाण शोधले.

चौकोनी पियानोचा प्रश्न घरातही नाजूक होता. गिऱ्हाईक ज्या वाद्यासाठी दारात येते तेच बंद करणे व्यापाराच्या दृष्टीने धाडसाचे होते. बदल हळूहळू झाला. १८७० आणि १८८०च्या दशकांत उभा पियानो अमेरिकी घरांत शिरला, चौकोनी मागे पडला आणि १८८०च्या दशकाच्या अखेरीस स्टाइनवेंनी त्याचे उत्पादन थांबवले. थिओडोरचा अंदाज त्याच्या हयातीतच खरा ठरला.

१८८० मध्ये हाम्बुर्ग येथे पेढीचा दुसरा कारखाना सुरू झाला. थिओडोरला यामुळे मायदेशी राहण्याचे सबळ निमित्त मिळाले. उत्तरायुष्यात तो मुख्यतः ब्रॉनश्वाइगलाच राहिला. तेथून आराखडे आणि सूचना न्यूयॉर्कला जात. भाचा हेन्री झीग्लर त्याच्या हाताखाली तयार झाला आणि पुढे त्यानेच रचनेची धुरा सांभाळली. थिओडोरला जुनी वाद्ये जमवण्याचा नाद होता. पूर्वसुरींनी कोठे काय केले आणि ते का फसले, हे त्याला प्रत्यक्ष लाकडातून वाचायचे असे. हा संग्रह ब्रॉनश्वाइगच्या नगर संग्रहालयाकडे गेला. २६ मार्च १८८९ रोजी त्याच शहरात त्याचे निधन झाले. भावांच्या मृत्यूमुळे पत्करलेले काम त्याने चोवीस वर्षे केले होते.

गोव्यातील अनेक जुन्या घरांत आणि संगीतशाळांत उभे पियानो आजही आहेत. पावसाळ्यात ध्वनिफलक ओलावा शोषून फुगतो, घोडी वर उचलली जाते आणि मधल्या सप्तकांचा सूर चढतो. कोरड्या महिन्यांत तो पुन्हा उतरतो. अशा हवेसाठी पूर्वी युरोपातील कारखाने सांधे सरसाबरोबर स्क्रूनेही आवळलेले खास पियानो पाठवीत असत. असे वाद्य घेताना किंवा दुरुस्त करताना थिओडोरची दृष्टी उपयोगी पडते. बाहेरील लाकडाची चमक नंतर पाहावी. आधी मागची आणि आतली चौकट पूर्ण लोखंडी आहे का, खर्जाच्या तारा छेदून जातात का, खुंट्या घट्ट आहेत का, हे पाहावे. मग साध्या आणि वेष्टित तारांच्या सीमेवरचे चार-पाच स्वर ओळीने वाजवावेत. तेथे आवाज एकाएकी बदलत नसेल, तर रचना विचाराने केलेली आहे असे समजावे. उंच पियानो परवडत असेल, तर ठेंगणा घेऊ नये. तारेला मिळालेल्या प्रत्येक जादा सेंटिमीटरचा लाभ खर्जाला होतो.

थिओडोरने निसर्गनियम मोडला नाही आणि तसा दावाही केला नाही. मीटरभर तारेतून सहा मीटरांचा खर्ज येणार नाही, हे त्याला पुरते ठाऊक होते. त्या तुटीतून जेवढे वाचवता येईल तेवढे त्याने लोखंडाच्या, लाकडाच्या आणि मापांच्या आधारे वाचवले. ग्रँड पियानो परवडणारी घरे तेव्हाही थोडी होती आणि आजही थोडीच आहेत. उरलेल्या घरांतील मुलांच्या हाताखाली जो खर्ज आला, त्यात या अबोल माणसाच्या श्रमांचा फार मोठा वाटा आहे.